लघुकाय व खुजे प्राणी

लघुकाय व खुजे प्राणी : पूर्ण वाढ होऊनही जवळच्या नात्यातील प्राण्यांपेक्षा फार लहान राहणारे प्राणी. या नावाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र येतात. काही जाती उत्क्रांतीच्या ओघातच लहान झाल्या. काही मोठे प्राणी बेटांवर अडकले आणि पिढ्यान्‌पिढ्या आकाराने घटत गेले. काही बुटके वाण माणसाने निवड करून तयार केले. पहिल्या दोन प्रकारांत प्राणी धडधाकट असतो. तिसऱ्यात तो तसा असेलच याची खात्री नसते. बाजारात मात्र तिन्ही एकाच मापाने मोजले जातात, आणि बहुतेक फसवणूक तिथेच होते.

कोल्हापूर जिल्ह्यातील दाजीपूरचे जंगल गव्यासाठी ओळखले जाते. थोराड नर गवा ८००-९०० किलो सहज भरतो. त्याच जंगलातली पिसोरी २ ते ४ किलोंची असते आणि खांद्याशी जेमतेम २५-३० सेंमी. उंच होते. तिला हरीण म्हणतात, पण खऱ्या हरणांच्या कुळात ती मोडत नाही. नराला शिंगे नसतात, त्याऐवजी वरचे सुळे ओठाबाहेर डोकावतात. ती रवंथ करते, तरी तिच्या जठराचा तिसरा कप्पा जवळजवळ वाढलेलाच नसतो. रात्री फिरणारी आणि धोका वाटला की जागीच थिजणारी असल्यामुळे ती क्वचितच दिसते. दिसली तरी पाहणारा तिला भेकराचे पाडस समजतो. ओळखण्याची खूण अशी : पिसोरीची पाठ कमानदार असून मागचा भाग उंच असतो, पाय काडीसारखे बारीक असतात, गळ्यावर पांढरे पट्टे असतात आणि अंगावरचे पांढरे ठिपके ओळीने येऊन बाजूला पट्ट्यांसारखे दिसतात. हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानात पिसोरीची पैदास करण्यात आली आणि २०१७ मध्ये तेलंगणातील अमराबाद व्याघ्र प्रकल्पात तिला पुन्हा जंगलात सोडण्यात आले.

दाजीपूरचेच आणखी एक उदाहरण म्हणजे नेमॅस्पिस कोल्हापूरेन्सिस ही पाल. वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत ती चार सेंटिमीटरही भरत नाही. या गटातील पालींच्या डोळ्याची बाहुली घरातल्या पालीसारखी उभी चिरेची नसते, गोल असते. पक्ष्यांमध्ये आंब्यावरच्या बांडगुळाची फळे खाणारा फुलटोचा सुमारे ८ सेंमी. लांब असतो आणि भारतातील सर्वांत लहान पक्ष्यांत गणला जातो. पावसाळ्यात घाटपायथ्याला आणि कोकणात वीण करणारा तिबोटी खंड्या सुमारे १३ सेंमी. भरतो.

लहानपणाची मर्यादा. प्राण्याची लांबी निम्मी झाली की त्याच्या त्वचेचे क्षेत्रफळ चौथा हिस्सा उरते, पण वजन आठवा हिस्सा होते. म्हणजे दर ग्रॅममागे उष्णता बाहेर टाकणारी त्वचा दुप्पट होते. उष्णरक्ताच्या प्राण्यांना हे गणित फार लहान होऊ देत नाही. दक्षिण युरोपापासून भारतापर्यंत आढळणारी इट्रस्कन चिचुंद्री सुमारे १.८ ग्रॅम, थायलंड-म्यानमारमधील किट्टीचे वटवाघूळ २ ग्रॅमच्या आसपास आणि क्यूबातील मधमाशी-गुंजनपक्षी (हमिंगबर्ड) २ ग्रॅमहून थोडा कमी. तीन वेगळ्या वंशांतले हे प्राणी जवळजवळ त्याच आकड्यावर येऊन थांबले आहेत. चिचुंद्रीचे हृदय मिनिटाला १,५०० ठोक्यांपर्यंत जाते आणि दिवसभरात ती स्वतःच्या वजनापेक्षा जास्त खाते. काही तास उपाशी राहिली तरी ती मरू शकते. गुंजनपक्षी रात्री शरीराचे तापमान उतरवून निभावून नेतात.

थंडरक्ताच्या प्राण्यांना ही अडचण नाही, म्हणून ते त्याहून कितीतरी खाली जातात. पापुआ न्यू गिनीतील पेडोफ्राइन अमाउएन्सिस हा बेडूक सरासरी ७.७ मिमी. असतो. २०१२ मध्ये त्याचे वर्णन झाले. त्याचा आवाज किड्यासारखा असल्यामुळे तो पालापाचोळ्यात नेमका कुठे आहे ते कळत नव्हते; शेवटी आवाजाच्या जागेचा पाचोळा पारदर्शक पिशवीत भरून एकेक पान चाळल्यावर तो सापडला. मादागास्करमधील ब्रूकेसिया नाना (२०२१) या सरड्याचा नर शेपूट सोडून १३.५ मिमी. आणि सुमात्रातील दलदलीतला पेडोसायप्रिस हा मासा ७.९ मिमी. लांबीलाच प्रौढ होतो.

इतके लहान होण्याची किंमत मोजावी लागते. ब्राझीलमधील ब्रॅकिसेफॅलस गटाच्या इवल्या बेडकांच्या कानातील तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या इतक्या बारीक झाल्या आहेत की त्यांतला द्रव नीट हलत नाही. हे बेडूक उडी बरी घेतात, पण हवेत त्यांचा तोल जातो आणि पाठीवर किंवा तोंडावर आपटतात. बोटांची संख्या घटणे, कवटीची काही हाडे न बनणे, अंडी थोडी पण मोठी घालणे हेही लघुकाय उभयचरांत वारंवार दिसते. सह्याद्रीतील राओर्चेस्टिस गटाचे झुडुपी बेडूक बहुधा २-३ सेंमी.चे असतात. त्यांच्यात पाण्यात पोहणारा भैरा (बेडूकमासा) नसतोच, अंड्यातून थेट छोटा बेडूक बाहेर पडतो.

बेटांवरील खुजेपणा. मर्यादित अन्न आणि शिकारी प्राण्यांचा अभाव असेल तर मोठे सस्तन प्राणी लहान होतात, तर उंदरांसारखे लहान प्राणी वाढतात. हा कल जे. ब्रिस्टल फॉस्टर यांनी १९६४ मध्ये मांडला. सिसिलीत नामशेष झालेला पॅलिओलॉक्सोडॉन फाल्कनेरी हा हत्ती प्रौढपणी साधारण एक मीटर उंच होता. पनामाच्या एस्कूडो दे वेराग्वास बेटावरील खुजा स्लॉथ आजही जिवंत आहे. मात्र प्रत्येक खुजा प्राणी बेटावरचा नसतो. पश्चिम आफ्रिकेतील खुजा पाणघोडा (सुमारे १८० ते २७५ किलो) मुख्य भूमीवरचाच आहे. आसामच्या मानस परिसरातील खुजे रानडुक्करही तसेच. ते ६ ते १० किलोंचे असते आणि उंच गवताशिवाय जगत नाही. १९९६ पासून त्याच्या बंदिस्त पैदाशीचा कार्यक्रम चालू आहे.

पाळीव बुटके वाण. आंध्रातील पुंगनूर आणि केरळातील वेचूर या गाईंच्या मान्यताप्राप्त जाती आहेत. वेचूर सरासरी ८७ सेंमी. उंच आणि १३० किलोंच्या आसपास असते. पुंगनूरला अलीकडे मोठी मागणी आली आणि त्याबरोबर नकली मालही आला. उपाशी ठेवून खुरटवलेले किंवा नुसतेच कोवळे संकरित वासरू 'पुंगनूर' म्हणून गळ्यात मारले जाते. म्हणून उंची मोजण्याआधी दात पाहावेत. कायमचा दात न आलेले जनावर आदत असते आणि त्याची वाढ व्हायची असते, त्यामुळे त्याच्या आजच्या उंचीला अर्थ नाही. दुसा (दोन कायमचे दात आलेले), म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षांचे, झाले तरी थोडी वाढ उरते. चौसा (चार कायमचे दात आलेले) किंवा जुळलेले (सगळे कायमचे दात आलेले) जनावर सपाट जमिनीवर चारही पाय सरळ रोवून उभे करावे आणि वशिंडाच्या लगेच मागे काठी धरून उंची घ्यावी. मान खाली असताना किंवा उतारावर घेतलेले माप चार-पाच सेंटिमीटरनी सहज चुकते.

दुसरा धोका रेतनाचा. बुटक्या गाईला मोठ्या जातीचे वीर्य भरले तर वासरू मोठे होऊन विताना गाय अडते. तिला त्याच जातीचे वीर्य द्यावे. तिसरा धोका जनुकातला आहे. आयर्लंडच्या डेक्स्टर गाईत आखूड पायांचे जनुक आई किंवा बाप अशा एकाच बाजूने आले तर जनावर बुटके पण धडधाकट राहते. दोन्ही बाजूंनी आले तर विकृत गर्भ मुदतीआधीच मेलेला पडतो. आखूड पायांच्या दोन डेक्स्टरांचा संकर केला तर सरासरी चारांत एक गर्भ असा जातो. नेदरलँड ड्वार्फ या बुटक्या सशांतही खुजेपणाचे जनुक दोन्ही बाजूंनी आलेली पिल्ले जन्मल्यावर काही दिवसांत मरतात. आई दूध पाजत नाही असे समजून पाळणारा तिला दोष देतो, पण वरचे दूध पाजूनही ती जगत नाहीत.

ऊसतोड आणि वाघाटी. आशियातील सर्वांत लहान रानमांजर म्हणजे वाघाटी. प्रौढ वाघाटी ०.९ ते १.६ किलोंची, म्हणजे घरच्या मांजरीच्या निम्म्याहून कमी वजनाची असते. पश्चिम महाराष्ट्रात ती उसाच्या फडात पिल्ले घालते. तोडणी चालू झाली की पाचटात एक ते तीन पिल्ले सापडतात आणि 'बिबट्याची पिल्ले' अशी आवई उठते. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे जाड असतात आणि अंगावर दाट काळसर ठिपके असतात. वाघाटीच्या अंगावर गंजाच्या रंगाचे लहान ठिपके ओळीने येतात आणि कपाळावर पांढऱ्या रेघा असतात. तरीही खात्री होईपर्यंत बिबट्याच धरून चालावे आणि माणसे मागे घ्यावीत, कारण चूक झालीच तर पिल्लांची आई जवळपास असते.

पिल्ले हाताळू नयेत आणि गाईचे दूध पाजू नये. त्याने जुलाब होतात. त्या पट्ट्यातली तोडणी थांबवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. पिल्ले हलवलेली असल्यास वनकर्मचारी संध्याकाळी ती सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावून माणसे दूर होतात आणि बहुधा रात्रीतून आई त्यांना उचलून नेते. पाचट पेटवले किंवा बघ्यांची गर्दी थांबून राहिली तर ती येत नाही. वाघाटी आणि पिसोरी या दोन्ही जाती वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. लहान दिसतात म्हणून घरी आणून पाळणे हा गुन्हा आहे. परदेशी खुज्या माकडांसारखे वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारात (साइटीस) नोंदलेले प्राणी कायदेशीर मार्गाने आणलेले असले तरी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर त्यांची नोंदणी करावी लागते.