उडतं ते पेटतंच असं नाही

घोटाळा कापरानं केलाय. डबीचं झाकण सैल राहिलं की वड्या आपोआप झिजतात, आणि आरतीला काडी लावताच भडकतातही. (डबीत चार मिरे टाकले की कापूर उडत नाही म्हणे. मिरे भाजीला ठेवा, झाकण घट्ट लावा.) पेट्रोलचंही तेच. लहानपणापासून जे उडताना पाहिलं तेच पेटतानाही पाहिलं, म्हणून 'बाष्पनशील' असं लिहिलेलं दिसलं की लोक खुशाल 'ज्वलनशील' वाचतात.

ज्वलनशील म्हणजे काय ते सांगायला नको. बाष्पनशीलतेचा प्रश्न निराळा: नेहमीच्या तापमानाला रेणू एकमेकांना सोडून किती सहज हवेत जातात? यात जळणं नाही, रासायनिक बदलही नाही. अत्तर उडालं तरी अत्तरच राहतं, म्हणून तर खोलीभर वास येतो.

कार्बन टेट्राक्लोराइड घ्या. सुमारे 77 अंशांना उकळतं, उघडं ठेवलं तर भराभर उडतं, पण पेटत नाही. इतकं की एके काळी ते काचेच्या गोळ्यांत भरून आगीवर फेकत. तापल्यावर त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो, म्हणून तो प्रकार बंद पडला. उलट गोडेतेल वर्षभर बरणीत ठेवा, थेंबही उडत नाही, पण जळतं.

मग गोंधळ होतो कुठे? द्रव स्वतः जळत नाही, त्याची वाफ जळते. निरांजनातल्या तेलावर नुसती काडी धरा, काही होत नाही. वात तेल थोडं थोडं वर ओढते, टोकाशी ते तापतं, त्याची वाफ होते आणि ती पेटते. पंपाचा स्टोव्ह आठवतो? आधी वाटीत स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, मगच पंप मारायचा. घाई केली की रॉकेल द्रवरूपातच बाहेर येऊन पिवळा भडका उडे. स्पिरिटला असे लाड लागत नाहीत, कारण ते आधीच उडत असतं. पेट्रोल तर शून्याखाली 40 अंशांच्या आसपासही पेटण्यापुरती वाफ सोडतं. म्हणजे पदार्थ जळणारा असेल, तर तो किती चटकन पेट घेईल हे बाष्पनशीलता ठरवते. जळणाराच नसेल तर कितीही उडो, आग लागत नाही.

बाष्पीभवन आणि उकळणं यांतला फरक शाळेतच झालाय, तो सोडतो.

मला खरी चीड येते ती दुसऱ्या टोकाच्या शहाण्यांची. 'पेटत नाही ना, मग काय भीती?' म्हणत दारं-खिडक्या लावून डायक्लोरोमिथेन या रंग विरघळवणाऱ्या द्रवानं जुना रंग काढायला बसतात. ते 40 अंशांनाच उकळतं. काडी लावून पेटणार नाही, पण त्याची विषारी वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते आणि जमिनीलगत साचते, नेमकी उकिडवं बसलेल्या माणसाच्या नाकाशी.