डच तटबंदी शहरांचे कोरीव नकाशे : अभ्यास व जतन

नेदरलँड्समधील तटबंदी शहरांचे, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकापर्यंत तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेले आराखडे. तट, बाणाच्या टोकासारखे बुरूज, खंदक, वेशी, कालवे आणि घरांच्या रांगा हा त्यांचा मुख्य विषय. पान कधी छापले आणि त्यावरचे शहर कोणत्या काळचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ते एकच मानल्याने या अभ्यासातल्या बऱ्याच चुका होतात. दोन्हींचा पुरावा रेखाटनाइतकाच कागद, रंग आणि पाठीमागच्या मजकुरात असतो. म्हणून आधी नोंद, मग दुरुस्ती हा क्रम मोडता कामा नये.

या परंपरेच्या मुळाशी नकाशाकार याकोप फान देव्हेंटरची मोजणी आहे. स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५८ मध्ये त्याला आपल्या ताब्यातील नेदरलँड्सच्या प्रांतांतील शहरांचे आराखडे करण्याचे काम दिले. सुमारे १:८,००० प्रमाणाचे हे हस्तलिखित नकाशे १५७५ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत तयार होत राहिले. कोलोनच्या ब्राउन आणि होगेनबर्ग यांनी १५७२ ते १६१७ मध्ये सहा खंडांत काढलेल्या नगरसंग्रहात अनेक डच शहरे याच मोजणीवरून कोरलेली आहेत. म्हणजे छपाई १५८० च्या दशकातली आणि शहर १५६० च्या आसपासचे असे सहज घडते, आणि मधल्या काळात स्पेनविरुद्धच्या युद्धामुळे मातीचे नवे बुरूज उभे राहिलेले असतात. नकाशा-प्रकाशक योआन ब्लाऊचा दोन खंडांचा नगरसंग्रह १६४९ मध्ये निघाला. १६७२ मध्ये त्याच्या छापखान्याला आग लागली. पुढे शिल्लक तांब्याचे पत्रे विकले गेले आणि त्यातले बरेच दुसरा प्रकाशक फ्रेडरिक द विट याच्याकडे गेले. त्याने ते सुमारे १६९८ मध्ये पुन्हा छापले.

त्यामुळे काळ ठरवताना प्रकाशकाच्या नावाआधी शहराकडे पाहावे. युट्रेख्तच्या डोम चर्चचा मधला भाग १ ऑगस्ट १६७४ च्या वादळात कोसळला. तो अखंड दाखवणारा आराखडा मुळात त्याआधीचा. नार्डेनचा आजचा सहा बुरुजांचा, दुहेरी खंदकाचा तट १६७५ नंतर बांधला गेला. जुना तट दाखवणारे पान कोणत्याही वर्षीच्या संग्रहात बांधलेले असो, त्यातले शहर त्याआधीचे आहे. मात्र उलटा धोकाही आहे. काही आराखड्यांत मंजूर झालेले पण न बांधलेले बुरूज पूर्ण झाल्यासारखे दाखवलेले असतात, आणि वेढ्याची बातमी म्हणून विकलेल्या नकाशांत मोर्चे ठळक करण्यासाठी अंतरे ओढाताण करून बसवलेली असतात. नगरपालिकेचे बांधकाम-हिशेब त्यांच्या शेजारी ठेवल्याशिवाय अशा नकाशांवर विसंबू नये.

पत्र्यावर फेरफार झाला की छापाची ‘अवस्था’ बदलते. तांबे मऊ असल्याने चुकीची रेघ घासून काढता येते, खड्डा पडला तर मागून ठोकून पृष्ठभाग सपाट करता येतो आणि नवे नाव किंवा बुरूज कोरता येतो. खोडलेल्या अक्षरांचे अंधुक अवशेष दहापट भिंगातून दिसतात. झिजलेल्या पत्र्यावर पाणी व छपरांच्या बारीक रेघा आधी फिकट होतात, म्हणून दोन प्रती ताडताना तिथे पाहावे. मागचा मजकूर लॅटिन, डच, फ्रेंच की जर्मन यावरून आवृत्ती ठरते. कापडावर चिकटवलेल्या प्रतीत हाच पुरावा बुजतो. पान उजेडासमोर धरले की कागद बनवण्याच्या साच्याच्या तारांच्या खुणा आणि जलचिन्ह दिसते. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर ते आधुनिक छपाईचे पुनर्मुद्रण आहे, कागद कितीही जुना असो.

मापे घेताना एक खबरदारी लागते. कागद ओला करून छापत आणि वाळताना तो आकसे, दोन दिशांना वेगवेगळा. त्यामुळे एकाच पत्र्याच्या दोन छापांत काही मिलिमीटरांचा फरक पडतो. तेवढ्यावरून दुसरा पत्रा मानू नये. प्रमाणपट्टी रोडे या लांबीच्या जुन्या डच मापात असते : ऱ्हाइनलँडचा रोडे सुमारे ३.७७ मीटर, ॲम्स्टरडॅमचा ३.६८. नकाशा आजच्या भूमीवर बसवण्यासाठी १८३२ चे भूकर (जमीनधारणेचे) नकाशे सर्वोत्तम, कारण तटबंद्या पाडण्याला वाट देणारा कायदा १८७४ चा आहे आणि त्याआधीच्या मोजणीत बरेच तट जागेवर आहेत. जुळवणीसाठी चर्चचे कोपरे व पूल हे बिंदू घ्यावेत. घरांच्या दर्शनी भिंती घेऊ नयेत. पक्षिदृष्टीच्या आराखड्यात त्या दिसाव्यात म्हणून रस्ते रुंद केलेले असतात. हूस्डेन शहराच्या तटबंदीच्या १९६८ पासूनच्या पुनर्बांधणीत ब्लाऊचा आराखडा आधाराला होता. बूरटांग किल्ला १७४२ च्या अवस्थेत परत उभारला आहे.

जतनातला सर्वांत अवघड शत्रू हिरवा रंग आहे. खंदकाकाठच्या गवताला व बागांना लावलेले जंगाल तांब्याचे असते. ते कागदातील तंतूंचे विघटन घडवते. पाठीमागे त्याच आकाराचे तपकिरी डाग उमटतात, पुढे तिथे भेगा पडून तुकडे गळतात. हे तपकिरी डाग रंग जुना असल्याची खूणही देतात. हल्ली रंगवलेल्या प्रतीत ते सहसा नसतात. असे पान पाण्यात बुडवू नये, कारण तांबे शेजारच्या निरोगी कागदात पसरते. भेग सांधायला जपानी कागदावर जिलेटिन लावून वाळवावे आणि ते जेमतेम ओले करून चिकटवावे.

रंगहीन प्रतीतही धुण्याआधी शाईची थेंबाने चाचणी घ्यावी. बाकी फाटलेल्या जागी गव्हाच्या सत्वाची पातळ खळ आणि जपानी कागदाची पट्टी पुरते. वर टीपकागद व वजन ठेवून वाळवावे. मधली घडी बहुधा खालून उसवते, तिथे पट्टी मागून लावावी. चिकटपट्टीचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि नंतर द्रावकानेही पूर्ण निघत नाही. लॅमिनेशन तर सोडवणेच कठीण. ब्लीच करून पांढरा केलेला कागद ठिसूळ होतो, शिवाय बाजारात त्याची किंमतही घटते.

पाने आम्लरहित फोल्डरमध्ये सपाट ड्रॉवरमध्ये ठेवावीत. १८ ते २० अंश सेल्सिअस आणि ४० ते ५० टक्के आर्द्रता योग्य, आणि चढउतार टाळणे महत्त्वाचे. प्रदर्शनात उजेड ५० लक्सपर्यंत ठेवावा. काचेला पान टेकू देऊ नये. मागे लाकडी फळी असेल तर ती काढावी, तिच्या आम्लाने कागदावर लाकडाच्या रेषा उमटतात. समास कापू नयेत : पत्र्याच्या दाबाची कड आणि बांधणीची पट्टी तिथेच असते. प्रतिमा घेताना पुढची बाजू, मागची बाजू आणि जलचिन्हाची उजेडातली प्रत अशा तिन्ही घ्याव्यात, सोबत मोजपट्टी व रंगपट्टी ठेवून. दुरुस्तीआधीचा संच मूळ नोंद म्हणून वेगळा राखावा.