कॅनू सफारी (झांबेझी नदी)

वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद, उघड्या होडीतून सलग काही दिवस नदीप्रवास करायचा, वाटेत वन्यप्राणी पाहायचे आणि रात्री काठावर किंवा बेटावर तंबू ठोकायचा, अशा सफरीला कॅनू सफारी म्हणतात. ‘सफारी’ हा शब्द स्वाहिलीतला असून त्याचे मूळ अरबी आहे. मराठीतील ‘सफर’ही त्याच मुळापासून आली. जीपमधून फेरफटका मारून संध्याकाळी त्याच मुक्कामी परतण्यापेक्षा, जिथे मुक्कामच रोज पुढे सरकतो तो हा प्रकार शब्दाच्या मूळ अर्थाला अधिक जवळचा आहे.

या सफारीसाठी करिबा धरणाखालचे झांबेझीचे खोरे विशेष प्रसिद्ध आहे. येथे नदी झांबिया आणि झिंबाब्वे यांची सरहद्द आहे. करिबा, चिरुंडू, माना पूल्स आणि मोझांबिकच्या सीमेवरील कान्येम्बा हे प्रवासाचे परिचित टप्पे होत. चिरुंडू ते माना पूल्स हा टप्पा साधारणपणे तीन-चार दिवसांत होतो, तर मुपाटा घळईतून थेट कान्येम्बापर्यंत जाणाऱ्यांना त्याहून बरेच अधिक दिवस लागतात.

होडी सहसा दोघांची असते. वाटाड्याची होडी पुढे राहते आणि बाकीच्या तिच्यामागून एका रांगेत जातात. या शिस्तीचे कारण पाणघोडा. दिवसभर पाण्यात राहणाऱ्या या प्राण्याला खोल पाणी हाच आसरा वाटतो. त्यामुळे त्याच्या आणि खोल पाण्याच्या मध्ये होडी आली, तर तो हल्ला करण्याचा संभव असतो. म्हणून होड्या काठालगतच्या उथळ पाण्यातून नेतात. वाटाडा अधूनमधून वल्ह्याने होडीच्या कडेवर ठोकतो. त्या आवाजाने बुडी मारलेले पाणघोडे डोके वर काढतात, आणि कळप नेमका कुठे आहे हे कळल्याखेरीज होड्या पुढे सरकत नाहीत. मगरींमुळे पाण्यात हात सोडून बसणे निषिद्ध असते. नदी शांत दिसते तेथेच अधिक सावध राहावे लागते, हे नवख्याला पहिल्या दिवशी पटत नाही.

माना पूल्स राष्ट्रीय उद्यान, सापी आणि चेवोरे ही क्षेत्रे मिळून १९८४ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरली. ‘माना’ म्हणजे शोना भाषेत चार. नदीने प्रवाह बदलल्यावर मागे उरलेल्या चार तळ्यांवरून हे नाव पडले. समोरच्या झांबियन काठावर लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यान आहे. पूरमैदानातील फायडर्बिया अल्बिडा हा वृक्ष पावसाळ्यात पाने गाळतो आणि कोरड्या ऋतूत हिरवा राहतो. इतर चारा संपत आलेला असताना त्याच्या शेंगा गळतात. त्या खाण्यासाठी हत्ती येतात, आणि काही नर तर मागच्या दोन पायांवर उभे राहून उंच फांद्या ओढतात. एप्रिल ते नोव्हेंबर हा सफारीचा हंगाम आहे. त्याच्या अखेरीस उकाडा असह्य होतो, पण पाणवठे आटल्याने प्राणी नदीकाठी एकवटतात.

मुक्कामाला कुंपण नसते. रात्री तंबूबाहेर एकट्याने जाऊ नये आणि चपला-बूट बाहेर ठेवू नयेत, कारण तरस ते पळवतात. हत्ती वासाने ओढले जातात म्हणून माना पूल्समध्ये संत्री-लिंबांसारखी फळे नेण्यास मनाई आहे. हिवताप आणि निद्रारोग पसरवणारी त्सेत्से माशी यांचाही बंदोबस्त करावा लागतो.

‘अस्पर्श अरण्य’ हे जाहिरातीतले वर्णन मात्र येथे अर्धेच खरे आहे. १९५९ मध्ये पूर्ण झालेल्या, १२८ मीटर उंचीच्या करिबा धरणाने या नदीचे पाणी नियंत्रित केले, आणि ते बांधताना सुमारे ५७,००० टोंगा लोकांना घरे सोडावी लागली. पूर्वी दरवर्षी पसरणारा नैसर्गिक पूर आता तसा येत नाही, त्यामुळे पूरमैदानातील जुन्या झाडांची जागा नवी रोपे किती प्रमाणात घेतील, हा अभ्यासकांच्या काळजीचा विषय आहे. मुपाटा घळईतही धरण बांधण्याचा प्रस्ताव १९८० च्या दशकात पुढे आला होता. ते झाले असते, तर माना पूल्सची बरीच सखल भूमी पाण्याखाली गेली असती. पण तो प्रस्ताव बाजूला ठेवण्यात आला.