निळ्या भातावर लिंबू पिळून बघा

परवा भाचा राहायला आला होता, वय वर्षं सहा, साधा भात दिसला की नाक मुरडतो. म्हटलं याला जरा गंमत दाखवू. कुंपणावरच्या गोकर्णाची वीसेक निळी फुलं तोडली, देठाकडचा हिरवा भाग काढून गरम पाण्यात टाकली आणि त्याच पाण्यात भात लावला (पांढरा गोकर्ण असेल तर नाद सोडा, त्यात हा रंगच नसतो). झाकण काढलं तर आकाशी भात! आपल्याला अप्रूप, पण मलेशियात केलांतानला नासी केराबू म्हणून असाच निळा भात अगदी नेहमीचा आहे.

खरी मजा पानात. लिंबू पातेल्यात पिळायचं नाही, फोड पोराच्या हातात द्यायची. थेंब पडला तिथे भात जांभळा, पोरगं उडालंच.

होतं काय, तर गोकर्णात अँथोसायनिन जातीचं रंगद्रव्य असतं, कोकम, जांभूळ, जांभळा कोबी यांच्यात त्याचीच भावंडं. आंबटपणा वाढला की त्या रेणूची ठेवण बदलते, आणि ठेवण बदलली की प्रकाशातला कुठला रंग गिळायचा नि कुठला परत सोडायचा तेही बदलतं. लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) २ च्या आसपास, म्हणून फरक लगेच दिसतो. उलट अंड्याचा पांढरा भाग अल्कलाइन (खारधर्मी, आंबटाच्या उलट), त्यात जांभळ्या कोबीचा रस घातला तर हिरवट निळं हाफ फ्राय होतं, जे मी एकदा केलं आणि खायला काही धजले नाही.

बीटाचं मात्र खानदानच वेगळं, बीटालेन. त्याला लिंबाचं फारसं काही वाटत नाही पण आच सोसत नाही, म्हणून कणीक मस्त गुलाबी आणि पुरी तळून आली की भुरकट. बीट आपलं दह्यातल्या कोशिंबिरीतच शोभतं.

आणि दिसायला छान असलं की जास्त आवडतं, हे फक्त पोरांपुरतं नाहीये हां. २०१४ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ६० जणांना सॅलड दिलं, जिन्नस तेच, पण काहींना नेहमीसारखं कालवून, काहींना शिस्तीत ओळीने मांडून आणि काहींना कांदिन्स्की या अमूर्त चित्रकाराच्या चित्रासारखं सजवून. चित्रवाल्यांना ते जास्त चविष्ट लागलं, वर खायच्या आधीच ते जास्त पैसे मोजायला तयार!

तर भाच्याने भात संपवला आणि मग वरणावर लिंबू पिळलं. काहीच होईना. "मावशी, हे बिघडलंय." त्याला सांगितलं की बाबा, हळद आंबटाला बधत नाही, ती खाराने लाल होते, शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की होतो ना तसा, किंवा ढोकळ्यात सोडा नीट मिसळला नाही तर लाल ठिपके येतात तसे. हे सांगायला नको होतं. आता सोड्याचा डबा मी वरच्या फळीवर ठेवलाय.