व्यवसाय सातत्य नियोजन: सांगलीत आढळणारे गैरसमज

धंदा अचानक बंद पडला तर कुठलं काम किती दिवसांत परत सुरू करायचं, कुणी करायचं आणि कुठून, हे आधीच ठरवून ठेवणं म्हणजे व्यवसाय सातत्य नियोजन, बोलीत बीसीपी. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २२३०१ पहिल्यांदा २०१२ ला आलं.

सांगलीत सगळ्यात महागात पडलेला गैरसमज म्हणजे मागचा पूर हीच शेवटची रेघ. २००५ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती, मग लोकांनी भिंतीवरची ती खूण बघून त्याच्या वर फळ्या मारल्या, माल वर रचला आणि निवांत झाले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. मागची खूण फक्त एवढंच सांगते की इथवर पाणी येऊ शकतं, याच्या वर येणार नाही असं ती कुठंच म्हणत नाही. हरिपूरच्या हळदीच्या पेवांचंही तसंच, पिढ्यानपिढ्या जमिनीखाली हळद सुरक्षित राहिली म्हणून कुणाला शंकाच आली नाही, २००५ ला पाणी पेवांत शिरलं.

दुसरा गैरसमज, विमा आहे ना मग झालं. विमा नुकसानीचे पैसे देतो, तेही सर्व्हे आणि कागदपत्रं झाल्यावर, पण तोवर दुसऱ्या पेठेत गेलेलं गिऱ्हाईक तो परत आणून देत नाही. दुकान बंद राहिल्यामुळं बुडालेला नफा साध्या पॉलिसीत धरत नाहीत, त्याचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, हे बऱ्याच जणांना क्लेम करतानाच कळतं.

बॅकअपचंही तेच. हिशोबाची हार्डडिस्क गल्ल्याखालच्याच ड्रॉवरमध्ये असेल तर कॉम्प्युटरबरोबर तीही भिजणार, म्हणून एक कॉपी गावाबाहेर पाहिजे.

आमचं दुकान उंचावर आहे, आम्हाला काय गरज, असंही म्हणतात. पण २०१९ ला कोल्हापूरकडचे रस्ते बंद होते, माल येईना, कामगार पोचेनात, दुकान कोरडं असून शटर खालीच.

आणि प्लॅन लिहून फाईलला लावला की काम संपलं हाही गैरसमजच, कारण त्यातला नंबर बदललेला असतो, नाहीतर गोडाऊनची चावी ज्याच्याकडं तो नेमका गावाला गेलेला असतो. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, म्हणजे माल हलवायला वेळ मिळतो तो या पाच फुटांतच, त्यामुळं टेम्पो कुणाचा, हमाल किती आणि आधी काय उचलायचं याची तालीम मे महिन्यातच एकदा करून बघावी लागते.