एडीएचडीची यंत्रावरची चाचणी: परवानगी नेमकी कशाला मिळाली?

जुलै 2013 मध्ये अमेरिकेतील औषधे व वैद्यकीय उपकरणांच्या नियामकाने एडीएचडीच्या (लक्ष न टिकणे, अतिचंचलता अशी लक्षणे असलेल्या विकाराच्या) तपासणीसाठी मेंदूलहरी मोजणाऱ्या उपकरणाला पहिल्यांदा परवानगी दिली. बातम्यांचा सूर 'आता एडीएचडी मशीनवर कळणार' असा होता. परवानगीची भाषा मात्र बेताची होती: 6 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी आणि डॉक्टरांच्या संपूर्ण तपासणीला जोड म्हणूनच. डोक्याला इलेक्ट्रोड लावून पंधरा-वीस मिनिटे ईईजी, म्हणजे मेंदूलहरींचा आलेख, काढायचा आणि संथ थीटा लहरी व जलद बीटा लहरी यांचे गुणोत्तर पाहायचे. ते चढे आले तर एडीएचडीची शक्यता अधिक.

या निर्णयावरचा वाद अजून पुरता निवलेला नाही. निर्णयामागे 275 मुलांचा अभ्यास होता. प्रत्येकाची ईईजी झाली, शिवाय प्रश्नावल्या, बुद्ध्यांक, शारीरिक तपासणी हे नेहमीचे सोपस्कारही झाले. मग तज्ज्ञांच्या स्वतंत्र गटाने कागदपत्रे पाहून एकमताने निदान ठरवले आणि उपकरणाची उपयुक्तता त्या निदानाशी ताडून पाहिली. खरी मेख इथेच आहे. डॉक्टरांचे मत व्यक्तिसापेक्ष म्हणून यंत्र आणायचे आणि त्या यंत्राची परीक्षा पुन्हा डॉक्टरांच्याच मतावर घ्यायची! दुसरा मापदंड हाताशी नव्हता हे खरे. पण मग त्या निकालाला 'वस्तुनिष्ठ' म्हणताना जरा हात आखडता घ्यायला हवा होता.

त्याच वर्षी, 2013 मध्ये, आलेल्या अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणाने आणखी पंचाईत केली. एडीएचडी असलेली आणि नसलेली मुले यांच्या गुणोत्तरातली तफावत नव्या अभ्यासांत कमी कमी होत गेलेली दिसली, कारण एडीएचडी नसलेल्या मुलांचेही गुणोत्तर वाढलेले होते. 2016 मध्ये मेंदूविकारतज्ज्ञांच्या एका संघटनेने स्पष्टच सांगितले, की चुकीने 'आहे' ठरवण्याचे प्रमाण मान्य करण्याजोगे नाही आणि नेहमीच्या तपासणीऐवजी ही चाचणी वापरू नये. परवानगी काही रद्द झाली नाही.

संगणकावरच्या लक्ष-चाचण्यांची वाट वेगळी आहे. त्यांचे मूळ 1956 मधल्या एका चाचणीत सापडते. अक्षरे एकामागून एक दिसत राहायची आणि ठरलेले अक्षर आले की कळ दाबायची. हेतू होता मेंदूला झालेली इजा ओळखण्याचा. 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेने या विकाराच्या नावातच लक्षाच्या उणिवेला पहिले स्थान दिले आणि लक्ष मोजणाऱ्या चाचण्यांना साहजिकच भाव आला. तरी 1998 च्या एका तज्ज्ञ परिषदेने एडीएचडीसाठी स्वतंत्र, खात्रीची चाचणी नसल्याचेच नोंदवले.

संगणकावरची जी चाचणी आज चर्चेत आहे त्या 'क्यूबीटेस्ट'ने लक्षाच्या जोडीला हालचालही मोजायला घेतली. मुलाच्या कपाळावर पट्टी, पट्टीवर चकाकणारा गोळा, समोर अवरक्त कॅमेरा, हातात बटण. पडद्यावर नुसते वर्तुळ आले की दाबायचे, फुली असलेले आले तर थांबायचे. बारा वर्षांखालच्यांसाठी असा पंधरा मिनिटांचा कंटाळवाणा खेळ. तो मुद्दाम कंटाळवाणा ठेवलेला असतो. तरी शांत खोली, समोर एकच मोठे माणूस आणि वर्गातला गोंगाट गायब, एवढ्यावर काही मुले छान निभावून नेतात. उलट झोप अपुरी असलेले किंवा चिंतेने ग्रासलेले मूल एडीएचडी नसतानाही अडखळू शकते.

ब्रिटनमधल्या 250 मुलांवरच्या चाचणी-प्रयोगाचे निष्कर्ष 2018 मध्ये आले. सगळ्यांची चाचणी झाली. अहवाल मात्र निम्म्यांच्याच डॉक्टरांना लगेच दाखवला. अहवाल पाहणारे डॉक्टर निर्णयाला लवकर पोचले आणि सल्लामसलतीचा वेळ सुमारे 15 टक्क्यांनी घटला. 'एडीएचडी नाही' हेही ते अधिक वेळा ठामपणे सांगू शकले. निदानाच्या अचूकतेत मात्र फरक आढळला नाही. म्हणजे फायदा झाला तो रांगेचा, आणि प्रतीक्षायादी लांबलेल्या दवाखान्यांना तोही हवाच होता.

ऑक्टोबर 2024 मध्ये तिथल्या आरोग्यसेवेसाठीच्या मार्गदर्शक सूचनांनी ही चाचणी 6 ते 17 वयोगटात, डॉक्टरांच्या मूल्यमापनाला पूरक म्हणून वापरायला हरकत नसल्याचे सांगितले. बारा वर्षांवरच्या मुलांसाठी व मोठ्यांसाठीची वीस मिनिटांची आवृत्ती बरीच आधीपासून वापरात आहे. प्रौढांमधल्या तिच्या वापराबाबत आधी आणखी संशोधन व्हावे, असे त्याच सूचनांत म्हटले आहे.