प्रवाळांच्या टाकीत व्हिनेगर का घालतात?

खाऱ्या पाण्याच्या टाकीत नायट्रेट वाढलं की ‘थोडं व्हिनेगर घाल, नायट्रेट मरतं’ असा सल्ला हमखास मिळतो. व्हिनेगर नायट्रेटला हातही लावत नाही. नायट्रेट खातात ते जीवाणू, आणि व्हिनेगर हे त्या जीवाणूंचं इंधन.

माशांच्या खाद्यातून टाकीत रोज नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात आणि नायट्रेट, फॉस्फेटच्या रूपात साठतात. जीवाणूंना दोन्ही हवेत, पण त्यांचं अडतं कार्बनवर. पाण्यात बायकार्बोनेट तर भरपूर असतं, मग टंचाई कसली? बायकार्बोनेट म्हणजे चुलीतली राख. तो कार्बन आधीच जळून गेलेला असतो. या जीवाणूंना न जळलेला, सेंद्रिय कार्बन लागतो. व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल तो देतं, वोडकातलं अल्कोहोलही देतं. १ मिली वोडकात जेवढा कार्बन, साधारण तेवढाच ५ टक्क्यांच्या ८ मिली व्हिनेगरमध्ये.

आता खरी गंमत हिशेबात आहे. १०० लिटर पाण्यातलं नायट्रेट १० पीपीएमने (लिटरमागे १० मिलिग्रॅमने) उतरवायचं, म्हणजे १ ग्रॅम नायट्रेट काढायचं. त्यात नायट्रोजन ०.२३ ग्रॅम. जीवाणूच्या शरीरात नायट्रोजनच्या एका अणूमागे कार्बनचे सुमारे ५ अणू असतात, आणि खाल्लेल्या कार्बनपैकी निम्मा श्वसनात जातो असं धरू. मग जवळपास २ ग्रॅम कार्बन, म्हणजे सुमारे १०० मिली व्हिनेगर लागेल. पण टाकीतल्या सच्छिद्र दगडाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी नायट्रेटवर श्वसन करतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करून सोडतात. या वाटेने तेवढंच नायट्रेट संपवायला जेमतेम १२ मिली पुरतं!

नायट्रेट उतरतं पण फॉस्फेट मागे का राहतं, तेही इथेच कळतं. रेडफिल्डच्या प्रमाणानुसार सागरी प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्मजीवांत) फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ अणू असतात. सगळं नायट्रेट शरीरं बांधण्यात गेलं असतं, तर १० पीपीएम नायट्रेटसोबत जवळजवळ १ पीपीएम फॉस्फेट उतरलं असतं. टाकीत एवढं उतरत नाही, कारण वायूच्या वाटेने फक्त नायट्रोजन जातो. शिवाय पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की दगडात मुरलेलं बाहेर येतं.

वाढलेले जीवाणू बाहेर काढणं हे स्किमरचं, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणाऱ्या यंत्राचं काम. स्किमर नसेल किंवा दुबळा असेल तर या वाटेला जाऊ नये. जीवाणू तिथेच मरतात आणि खाल्लेलं परत पाण्यात येतं.

व्हिनेगर साधं, पांढरं घ्यावं; सफरचंदाचं किंवा माल्टचं नको. २०० लिटर पाण्याला पहिले ३ दिवस रोज २ मिली, पुढचे ४ दिवस रोज ४ मिली. नंतर दर आठवड्याला रोजच्या मात्रेत ४ मिलीची वाढ. बाटलीवर ५ऐवजी ४ टक्के लिहिलेलं असेल तर मात्रा सव्वापट. आठवड्यातून दोनदा टेस्ट किटने मोजावं, नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास आलं की मात्रा निम्मी करावी. व्हिनेगर सकाळी, दिवे लागल्यावर, सम्पमध्ये (मुख्य टाकीला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत) जोराच्या प्रवाहात थेंबथेंब सोडावं. पहाटे पाण्यातला ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही तळाला असतात. त्यात आम्ल आणि जीवाणूंची भूक यांची भर नको.

घाई केली की पाणी दुधाळ होतं. हा जीवाणूंचा उद्रेक असतो आणि मासे ऑक्सिजनअभावी पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात. अशा वेळी डोस बंद, एअर पंप चालू, स्किमर जोरात. नळ्यांत पांढरा चिकट थर दिसला तरी मात्रा जास्त झाली समजावं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, विरघळलेला सेंद्रिय कार्बन वाढवल्यावर प्रवाळांवरच्या श्लेष्मातले जीवाणू सुमारे दहापट वेगाने वाढले आणि प्रवाळ मेले. म्हणून साखर चमच्याने घालण्याचा प्रयोग करू नये. ‘चमत्कारी जीवाणूं’च्या महागड्या बाटल्याही नकोत, रुळलेल्या टाकीत हे जीवाणू असतातच, उपाशी असतात इतकंच.

केएच, म्हणजे पाण्याची कार्बोनेट क्षारता, ७ ते ८ डीकेएचमध्ये (ते तिचं एकक) ठेवावा. पोषकद्रव्यं कमी आणि केएच चढा असला की ॲक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाची टोकं पांढरी पडून जळतात. नायट्रेट शून्यावर आणि फॉस्फेट अजून ०.२ पीपीएमवर असेल तर व्हिनेगर वाढवून उपयोग नाही, कारण जीवाणूंचा नायट्रोजनच संपलेला असतो. तेव्हा मात्रा कमी करून नायट्रेट पुन्हा २ ते ५ पीपीएमवर येऊ द्यावं आणि फॉस्फेट शोषून घेणारं लोहयुक्त माध्यम लावावं, तेही आधी थोडंसंच.